शेजारच्या टेबलावरचे अणू

"अकरा सेकंद?" भाऊजींनी तिसऱ्यांदा विचारलं.

"अकरा," मेहुणी म्हणाली. "तुमचे किती थांबले?"

"आमचं अजून जुळवणं चाललंय."

त्यांचे अणू जेमतेम दोन सेकंद थांबत होते. काम दोघांचं एकच: इवल्याशा दोन आरशांमध्ये प्रकाश मागेपुढे खेळवायचा आणि त्याच्या धाकात गार केलेले अणू जागच्या जागी धरून ठेवायचे. प्रयोगशाळाही शेजारी शेजारी. मेहुणी हाक मारायची म्हणून अख्खी संस्था त्यांना भाऊजी म्हणायची, हेही त्यांना सलायचं. दुसऱ्या दिवशी संचालकबाई ज्याचे आकडे चांगले त्याला तळघरातली नवी, जराही न हादरणारी खोली देणार होत्या. घरी बायको आतापासूनच धाकट्या बहिणीचं कौतुक करत सुटली होती. भाऊजींचा नुसता जळफळाट होत होता.

पाना मागायच्या निमित्तानं ते तिच्या प्रयोगशाळेत गेले, टेबलाला टेकून बसले आणि पडद्याकडे बघत पाय हलवू लागले. कुणाचं बरं चाललेलं दिसलं, नुसतं आठवलं तरी त्यांचा पाय आपोआप हलायचा. पडद्यावरचा अणूंचा ठिपका विझला.

"पळाले," मेहुणी म्हणाली. "असं कसं झालं?"

"होतं असं कधी कधी," भाऊजी हळहळले. आतून मात्र त्यांना गारगार वाटलं.

मग ते पाना परत द्यायला गेले. मग चष्मा विसरला म्हणून गेले आणि शेवटी चष्मा खिशातच होता हे सांगायला गेले. संध्याकाळपर्यंत मेहुणीचे अणू तीन सेकंदांवर आले आणि ती रडकुंडीला.

सकाळी संचालकबाईंनी दोन्ही यंत्रांनी आपोआप केलेल्या नोंदी समोर ठेवल्या.

"भाऊजी, तुमचे अणू काल चौदा सेकंद थांबलेत. चार वेळा."

"चौदा?" भाऊजींचा विश्वास बसेना.

"आणि नेमके त्याच वेळी हिचे पळालेत. तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"माझ्याकडे," मेहुणीनं सांगून टाकलं. "दोनदा पान्यासाठी, दोनदा चष्म्यासाठी."

बाईंच्या कपातला चहा हिंदकळत होता. त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं आणि पुन्हा सरळ बसल्या.

"खोली तुमच्या यंत्राला मिळाली," त्या म्हणाल्या.

"आभारी आहे. किल्ली?"

"ती हिच्याकडे राहील. तुम्ही वरच्या मजल्यावर बसा. आकडे पाठवत जाऊ."

घरी भाऊजींनी सगळं सांगितलं, फक्त पाय वगळला. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं, किल्ली घरातच राहिली," असं म्हणत तिनं बहिणीला अभिनंदनाचा फोन लावला.