सुभेदाराला करमत नाही

आमच्या दत्तूनानांना एकटी वस्तू बघवत नाही. चप्पल एकच दिसली की दुसरी सापडेपर्यंत घरभर फिरणार. लग्नाच्या पंगतीत कोणी बाजूला एकटा जेवत असला, तर ओळख असो-नसो, नाना पत्रावळ उचलून त्याच्या शेजारी. मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली ही पहिली पदवी. सगळे पेढे खात होते आणि नाना भिंतीवरच्या फ्रेमकडं बघून अस्वस्थ.

"नंदे, एकटीच लावलीस व्हय? तिला करमंल का? अजून एक घे."

मी एम.कॉम. केलं. कारणं बरीच होती, पण नानांचा तगादा त्यात मोठा.

नाना माझे सख्खे चुलते. शेंद्र्याला राहतात. थोडी जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या बरड माळावर ते मेंढ्या राखतात. मी तिथल्याच एका कंपनीत स्टोअर सांभाळते, त्यामुळं त्यांच्याकडं चक्कर होतेच. खुर्ची दिली तर नाना बसत नाहीत, खुर्चीभोवती फिरतात. बोलतातही चालत. ऐकणाऱ्यानं मागं मागं जायचं.

कळपात एडका एकच, म्हणजे मेंढ्यांमधला नर. त्याचं नाव सुभेदार. वेटोळी शिंगं, आणि चाल अशी की सातबारा सगळा त्याच्याच नावावर. पावसाळ्यात तो मेंढ्यांत असतो, पोळा झाला की वेगळा काढायचा. नाहीतर गाभण मेंढ्यांना ढुशा देत फिरतो आणि राहिलेल्या मेंढ्या नको त्या वेळी गाभण राहतात. हे सगळं नानांना पाठ. तरी मागच्या दिवाळीत त्यांना दया आली. "सणापुरतं भेटू दे," म्हणून त्यांनी दार उघडलं. पिल्लं झाली उन्हाच्या तोंडावर. चारा नाही, मेंढ्यांना दूध नाही. काकूनं बाटलीनं पाजून पिल्लं जगवली आणि बाटलीगणिक नानांचा उद्धार केला. "मेंढराला अक्कल नसती, माणसाला तरी असावी!"

यंदा पोळा झाला आणि सुभेदार पत्र्याच्या शेडमध्ये गेला. काकू त्याच्या आधीच शहरात उस्मानपुऱ्याला गेली होती, मुलाच्या फ्लॅटवर, नातीला सांभाळायला. महिन्याभरासाठी म्हणून गेली, ती तिथंच.

सुभेदारानं खाणं सोडलं. दिवसभर पत्र्यावर धाड धाड. बरगड्या दिसायला लागल्या. नानांचा मुलगा किरण फोनवर म्हणाला, "आबा, विकून टाका त्याला. मेंढ्या पण काढा आन् इकडं या." नानांनी फोन कानापासून लांब धरला, जणू त्याला वास येतोय. एडका गेला की कळप गेला, आणि कळप गेला की नाना फ्लॅटमध्ये. तिथं त्यांनी फिरायचं कुठं? टीव्हीभोवती?

मग उपाय सुरू झाले. भर दुपारी मला कंपनीत फोन.

"नंदे, गडबड झाली."

"काय झालं?"

"सोबत म्हणून सुभेदारासमोर आरसा लावला. त्यानं मागं सरून टक्कर दिली ना."

"लागलं का त्याला?"

"त्याला काय व्हतंय? आरसा तुझ्या काकूच्या कपाटाचा हाय!"

मग रेडिओ झाला. बातम्या लागल्या की सुभेदार जास्तच चवताळायचा. शेवटी नाना स्वतःच ताट घेऊन शेडमध्ये बसायला लागले. एक घास खायचा आणि त्याच्याकडं बघायचं. "खा रं बाबा. मी खातोय, बघ." आणि तो खायला लागला! पण नाना उठले की त्याचंही तोंड बंद. खुर्चीवर न टिकणारा माणूस दिवसाचे दिवस लेंड्यांत मांडी घालून. तिकडं मेंढ्या उपाशी ओरडायच्या.

"नाना, त्याला त्याच्या जातीची सोबत आणा," मी म्हणाले.

शेजारच्या रहीमचाचांकडं खच्ची केलेला एक मेंढा होता, गरीब स्वभावाचा. तो आणला. असे दोन मेंढे मोकळ्यावर सोडले तर मागं सरून धावत येतात आणि डोकी फोडून घेतात. म्हणून नानांनी आणि चाचांनी झोपायच्या बाजा उभ्या करून दोघांना दाटीत कोंबलं. मागं सरायला जागाच ठेवली नाही. अंगाला अंग घासू दे, वासाची ओळख होऊ दे. नाना मात्र बाजांभोवती घिरट्या घालत होते.

"बोला की एकमेकाशी! एकाच गावचे ना तुमी!"

"दत्तू, तू गप बस," चाचा ओरडले. "तेरेकू देखके घबरा रहे वो!"

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा बाजा अंगणात होत्या. शेडमध्ये दोघं एकाच पाटीतला पाला खात होते. पत्रा गप्प.

"जमलं की नाना!"

"जमलं. लई जमलं."

नानांच्या हातात ताट होतं. ते शेडच्या दारात उभे राहिले. "सुभेदार," त्यांनी हळूच हाक मारली. त्यानं कान हलवला, मान वर केली नाही. नाना वळले. ताट घेऊन ओट्यापर्यंत आले, तिथून हातपंपापर्यंत गेले, पुन्हा ओट्याकडं आले.

"नाना, जेवा की. भाकर वाळली."

"जेवतो ना. जागा बघतोय."

मी घरून जेवूनच निघाले होते. तरी ओट्यावर बसले आणि त्यांच्या ताटातली अर्धी भाकर मोडून घेतली.

"ठेचा नाही का?"

नाना जवळजवळ पळतच आत गेले. वाटी घेऊन आले, आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. मी आणखी एक घास मोडला तसं म्हणाले,

"हळू खा, माय. घाई नको करू."