दाजींचं मोन्तान्या-आग्वा

आमचे दाजी म्हशीला स्पॅनिशमध्ये हाक मारतात. "बेन, बेन" म्हटलं, म्हणजे ये ये म्हटलं, की ती चरायची थांबते आणि मुकाट घराकडं चालू लागते. मराठीत बोलावलं तर ढुंकून बघत नाही. मागं दाजी मोतीबिंदू काढायला पुण्याला गेले, तेव्हा म्हैस माझ्या गळ्यात पडली. पन्नाशी उलटलेला, गुडघे गेलेला, भोरमध्ये चार लोकांत थोडाफार मान असलेला मी बांधावर उभा राहून "बेन गं बाई, बेन" करत होतो, आणि शेजारच्या खाचरातल्या बायका भातलावणी सोडून बघत होत्या. म्हैस आली. मान गेला तो गेलाच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आंबवड्याच्या पलीकडं त्यांची वाडी. जन्मभर प्राथमिक शाळेत गुरुजी होते, शिट्टी अजून गळ्यात आहे. अक्का गेली त्याला बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक सुजाता स्पेनमध्ये असते, जावई तिकडचाच, आणि नात ईरा. ईराला मराठी येत नाही. दाजींना तेव्हा दुसरं काही येत नव्हतं.

मागल्या खेपेला ईरा आली, ती सगळा मुक्काम पायरीवर बसून होती. वाडीतली पोरं समोरच्या गडग्यावर बसून तिला बघायची, ती त्यांना बघायची. दोन्ही बाजू दमल्या की जेवायला जायच्या. निघताना सुजाता म्हणाली, "बाबा, हिला इथं करमत नाही हो. रोज विचारते, घरी कधी जायचं. पुढच्या वेळी हिला नाही आणत."

दाजींनी म्हशीपुढं वैरण टाकली. मग म्हणाले, "येक डाव आण. येक डाव. मग तू म्हणशील तसं."

आठवडाभरात मला फोन. "मेव्हणं, ईराला मराठी येत न्हाई. तवा वाडीला स्पॅनिश आली पायजे."

"दाजी, त्यापेक्षा एका पोरीला मराठी शिकवणं सोपं नाही का?"

"ती तिकडं, आमी हितं. हितली पोरं हाताशी हायत. तुमी रविवारी या."

गुरुजी माणसाच्या तर्कात खोट सापडत नाही, आणि सापडली तरी सांगायची कुणाला? माझे रविवार गेले.

सुजाता फोनवर शब्द सांगायची, दाजी ते म्हशीवर घोटायचे आणि मग पोरांना द्यायचे. फळा नाही, पाटी नाही. "बसून शिकल्यालं बसूनच ऱ्हातं, मेव्हणं. पळत शिकल्यालं पळतं." त्यामुळं लगोरी लावताना प्रत्येक चिपेला स्पॅनिश आकडा. लंगडीत बाद झालेल्यानं जाताना एका अवयवाचं नाव ओरडायचं. दारातून जाणाऱ्या पाहुण्याला वाटावं, इथं पोरांचं ऑपरेशन चाललंय.

पण खरा अभ्यासक्रम म्हणजे डोंगर का पाणी. ज्याच्यावर राज्य, त्यानं 'मोन्तान्या' म्हटलं की डोंगर त्याचा, बाकीच्यांनी खाली अंगणात यायचं. 'आग्वा' म्हटलं की पाणी, म्हणजे अंगण, त्याचं. बाकीच्यांनी मिळेल त्या उंचीवर चढायचं. त्याच्या हद्दीत पाय टाकताना जो सापडला, त्याच्यावर पुढचं राज्य. ओटा, दगडी उखळ, ट्रॅक्टरची ट्रॉली, सगळं डोंगर. डोंगर कमी पडले की मी. सह्याद्रीच्या कुशीत जन्माला येऊन शेवटी स्वतःच डोंगर व्हायचं नशिबी होतं. पाठीवर तीन-तीन पोरं घेऊन मी ओणवा असायचो आणि दाजी ओट्यावरून ओरडायचे, "डोंगरानं हलायचं न्हाई!"

रविवारी रात्री आमची ही गुडघ्याला मलम चोळताना विचारायची, "आलं का तुम्हाला काही?" मला फक्त पाठ भरून आली होती.

लोकांनीही विचारून घेतलं. पोरांतल्या पिंकीची आई एकदा धुण्याची बादली घेऊन थांबली. "गुरुजी, ह्यानं नोकरी लागंल व्हय?"

"न्हाई. पण सांजच्याला दमून झोपतील."

"मग लई बेस. धाकट्यालाबी पाठवते."

अंधार पडायला लागला की पोरं मागं लागायची, "ओत्रा बेथ, गुरुजी! ओत्रा बेथ!" म्हणजे परत एकदा. दाजी शिट्टी मारायचे. "ओत्रा बेथ न्हाई. घरी आया वाट बघत्यात. पळा." पोरं पांगली की तेच एकटे चिपा गोळा करत बसायचे. मी स्कूटरला किक मारायचो. मला घाई असायची, कंबरेला त्याहून.

आणि ईरा आली.

दाजींनी वाडीतली सगळी पोरं तेल लावून, भांग पाडून अंगणात उभी केली होती. सारखं तेच, "घाबरायचं न्हाई. ती काय म्हणंल ते करायचं." घाटाच्या वळणांनी हैराण झालेली, पिवळी पडलेली ईरा गाडीतून उतरली. समोर तीच पोरं, तसंच बघणं. तिनं आईचा हात घट्ट धरला. दाजींनी शिट्टी दातात धरली होती, वाजवायचं विसरले होते. मला वाटलं, गेला डाव.

ईरानं तोंड पुसलं आणि कसंबसं म्हणाली, "आग्वा."

क्षणात अंगण रिकामं. पोरं ओट्यावर, ट्रॉलीत, उखळावर, कुंपणावर. दोघं गाडीच्या टपावर, आणि ड्रायव्हर बोंबलतोय. सवयीनं मीही ओणवा झालो होतो, आणि पाठीवर पिंकी होती. तहानलेली पोरगी अंगणात एकटी उभी, आणि पाण्याचा तांब्या द्यायला एक माणूस जमिनीवर नाही.

"अरे, तिला प्यायला पायजे!" सुजाता ओरडली.

पण पिंकीनं तोवर माझ्या पाठीवरून एक पाय खाली सोडला होता. पायानं माती खरवडत ती ईराला चिडवून दाखवत होती, "तू आग्वा! मिस प्येस! तू आग्वा!" तुझ्या पाण्यात पाय धुतो, हे चिडवणं दाजींनी लेकीकडून खास मागवलं होतं.

ईरा त्या पायाकडं बघत राहिली. मग अंगणाकडं, मग टपावरच्या पोरांकडं. तिला काय कळलं कोण जाणे. तिनं आईचा हात सोडला आणि पिंकीच्या पायावर झडप घातली. आम्ही तिघंही मातीत.

पाणी ती जेवतानाच प्यायली.

त्यानंतर ईरा घरात फक्त झोपायला यायची. दाजी ओट्यावर बसून असायचे. पोरांना आता शिट्टी लागत नव्हती, गुरुजीही. मी एकदा विचारलं, "दाजी, तुमच्याशी बोलते का काही?"

"पोरांत हाय की," दाजी म्हणाले. "बास."

निघायच्या दिवशी ती धावत आली, त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि भराभरा खूप काही बोलली. दाजींना त्यातलं काही कळलं नाही. सुजाता डिकीत पिशव्या कोंबत होती. दाजींकडं सगळे खेळातलेच शब्द: ये, पळ, बस, डोंगर, पाणी. त्यांनी तिच्या केसांतली माती झटकली. मग अगदी हळू, संध्याकाळी पोरं मागायची तसं, म्हणाले, "ओत्रा बेथ?"

ईरानं जोरजोरात मान हलवली. होकाराचीच होती. गाडीपाशी उभ्या असलेल्या सुजातानं आमच्याकडं पाठ केली आणि ओढणीनं डोळे पुसले.

गाडी वळणाआड गेली. पोरं घरोघर पांगली. दाजी अंगणाच्या मधोमध उभे होते, हातात एक चीप. दिवस कलला होता आणि मला भोरला पोचायचं होतं. कंबर दुखत होती, स्कूटरची किल्ली हातात होती.

"दाजी," मी म्हणालो, "मोन्तान्या का आग्वा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या गुडघ्यांकडंही बघितलं.

"आग्वा," दाजी म्हणाले.

मी कण्हत-कुंथत ओट्यावर चढलो आणि एक पाय खाली सोडला.