बॅटरीचा हार

माझ्या लेकीला, मालविकाला, मुलगी झाल्याची बातमी आली तेव्हा मी कुकरची शिट्टी शोधत होतो. त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं (लातुरात हा दिवस सणापेक्षा मोठा). फोन नांदेडहून विहीणबाईंचा, म्हणजे सरजाबाईंचा.

"नात झाली बगा, इवाई. दोघीबी बऱ्या हायत."

मी साखरेच्या डब्याकडे हात नेला. तो उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "आता पोरीला इथंच ठिवते. तुमच्याकडं करणारं कोण हाय?"

माझी बायको इंदू चैत्रात गेली. त्यानंतर लोकांनी मला बरंच ऐकवलं, पण हे वाक्य लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं; आई नाही म्हणून ते सासरी झालं. तेव्हाही मी "बरं" म्हणालो होतो. आताही मी फक्त "बरं" म्हणालो. (मला राग आला की मी "बरं" म्हणतो. कॉलेजच्या ऑफिसातली उभी नोकरी मी याच शब्दावर काढली.) फोन ठेवला आणि ठरवलं, बारशाला इंदूच्या गाडीतून जायचं आणि लेक-नात घेऊनच परतायचं.

पेढे आणायला गाडी सुरू केली तर समोर बॅटरीचा लाल दिवा. एरवी इंजिन सुरू झालं की तो विझतो. आज विझेना.

बॅटरीच्या दुकानातल्या गुरुबसप्पांनी बॉनेट उघडलं आणि आधी हात जोडले. बॅटरीवर झेंडूचा हार होता. यंदा आमच्याकडे दसरा नव्हता, पण गाडीनं कशाला वर्ष पाळायचं, म्हणून मीच घातला होता.

"बॅटरी गेली," ते म्हणाले.

"तपासली का?"

"दिवा कशाचा हाय? बॅटरीचा. मग?"

"बरं," मी म्हणालो.

नवी बॅटरी बसली. हार त्यांनी अलगद उचलून नव्या बॅटरीवर पुन्हा घातला. "देवाचं हाय. आपण कशाला टाकावं?"

दिवा तसाच. "नवी हाय, रुळायला येळ लागतो," ते म्हणाले. नवी सूनसुद्धा इतका वेळ घेत नाही, हे मी मनात म्हणालो.

बारशाच्या दिवशी निघालो. बॅटरी वाचवायची म्हणून एसी बंद, रेडिओ बंद. चाकूरच्या पुढे हॉर्नही बंद. म्हशींना मी खिडकीतून डोकं काढून तोंडानं हाकललं. अहमदपूरच्या चौकात साडू, शिवमूर्ती, बारशाला बरोबर यायला उभे होते. गाड्यांतलं सगळं कळतं, असं त्यांचं मत आहे.

"वायरीची टोकं खराब झाली असतील," ते म्हणाले आणि चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी घेऊन आले.

"हार काढू का?" मी विचारलं.

"काय राव! बारशाला निघालात अन् हार काढून अपशकुन करून राहिले का?" त्यांनी हार वर धरला, टोकांवर पाणी ओतलं, हार परत घातला आणि वर नमस्कार केला.

"दिवा अजून आहे."

"जाईल नांदेडपर्यंत."

"दिवा की गाडी?"

"दोन्हीतलं एक."

सरजाबाईंच्या दारात, नेमकी सगळी पाहुणेमंडळी अंगणात असताना, गाडी बंद पडली. दिवाही गेला. मग मी खूप बोललो. बॅटरीवाला लबाड, साडू अर्धवट, गाडीच्या कारखान्यात बसलेले सगळे चोर. इतकं बोलताना मला कुणी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

"बॉनेट उघडा," सरजाबाई म्हणाल्या.

त्यांनी हात जोडले नाहीत. सरळ हात आत घातला आणि हार ओढला. आधी सुकलेला झेंडू आला, मग नायलॉनची दोरी आली, आणि दोरीबरोबर काळ्या रबराच्या चिंध्या.

"पप्पा, हा डायनॅमोचा पट्टा," माझे जावई सर्वेश वाकून म्हणाले. "दोरी गुंतून झिजला. पट्टा सटकला की बॅटरी चार्ज होत न्हाई. दिवा त्यासाठीच लागतो."

"दसऱ्याचा हार आजवर ठिवलाव?" सरजाबाई म्हणाल्या.

"इंदू दरवर्षी घालायची."

"अन् काढायचं कोण?"

मी आठवून पाहिलं. हार घालताना मी दरवर्षी जवळ असायचो. नारळ मीच फोडायचो. दुसऱ्या दिवशी हार नसायचा. तो कुठे जातो, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मालविका बाळाला घेऊन दारात आली होती. "आई संध्याकाळीच काढायची, पप्पा. गुलाबाच्या कुंडीत घालायची."

राग अजून होता. कुणावर धरावा, तेवढं कळेना.

सर्वेशनं नवा पट्टा आणून बसवला. बारशाच्या पाहुण्यांनी धक्का मारला. गाडी सुरू झाली आणि दिवा विझला.

"मी लेकीला न्यायला आलोय," मी म्हणालो. आवाज अजून मोठाच होता.

"न्या की," सरजाबाई म्हणाल्या.

मी जिंकलो होतो.

"सर्वेश, माझी पिशवी आण. मी बी जाते संगं. हार काढायला कुणीतरी लागंल."

तेव्हापासून त्या आमच्याकडेच आहेत. बाळ बाळसं धरतंय. कुकरची शिट्टी पहिल्याच दिवशी सापडली (ती कुकरमध्येच होती). हार मी नांदेडहून निघताना पिशवीत घालून डिकीत ठेवला होता, कुंडीत घालायला.

तो अजून डिकीतच आहे.