‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

त्या सिनेमातल्या चौघांनी मला विचारलं असतं ना, तर मध्यंतराच्या आधीच त्यांची लग्नं लावून मी घरी जेवायला परत आले असते!

जुना सिनेमा होता. रविवारी सकाळी मी आणि मामा बघायला गेलो होतो. याचं प्रेम तिच्यावर, तिचं भलत्यावर, भलत्याचं तिच्या मैत्रिणीवर, आणि मैत्रीण बिचारी पहिल्याच्याच नावानं उसासे टाकतेय! अडीच तास चौघंही चुकीच्या दारांपुढे फुलं घेऊन उभी. कारण काय, तर कुणी सरळ बोलतच नाही! मी खुर्चीतून सूचना देत होते, "अगं तो नव्हे, पलीकडचा! पलीकडचा!" शेवटी पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागं वळून विचारलं, "बाळ, तू तिकीट काढून आलीस की पगारावर आहेस?"

मला मुळीच वाईट वाटलं नाही. गेल्या वर्षी वाटलं असतं. पण यंदा मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, मराठीत शंभरपैकी शहाण्णव पडले, आणि तेव्हापासून मला एक कळून चुकलंय. जगातल्या निम्म्या अडचणी चुकीच्या शब्दांमुळे होतात आणि उरलेल्या निम्म्या मला न विचारल्यामुळे.

मामाची अडचण दुसऱ्या प्रकारातली होती.

मामाचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत मी तिथंच असते. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना मामाचा हात तसूभर हलत नाही, पण समोरच्या वाचनालयातल्या बाई आल्या की त्याच हातातून चहाचा कप सुटतो. बाई दर गुरुवारी येतात. घड्याळ दोन मिनिटं मागं पडतंय म्हणून. इतकं नेमानं मागं पडणारं घड्याळ मी जन्मात पाहिलेलं नाही! मामा ते उघडतो, फुंकर मारतो, मिटतो आणि म्हणतो, "आपलं काम झालं. आपण जरा बसावं, काच पुसून देतो." सगळ्याच गिऱ्हाइकांशी तो असं बोलतो. आपण यावं, आपण बसावं. दुकानात कुत्रं शिरलं तरी म्हणेल, "आपण बाहेर व्हावं!"

तर सिनेमानंतरच्या गुरुवारी बाई बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "वरच्या डॉक्टरांनी मला लग्नाचं विचारलंय. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

वरचे डॉक्टर म्हणजे आमच्याच इमारतीतले, दातांचे.

"ते म्हणाले, इतके निरोगी बत्तीस दात त्यांनी कधी पाहिले नाहीत," बाई म्हणाल्या. मग मामाकडे अगदी सरळ बघून त्यांनी विचारलं, "तुम्हांला काय वाटतं?"

भिंतीवरची चाळीस घड्याळं टकटक करायला लागली. म्हणजे ती आधीपासूनच करत होती, पण आता ऐकू यायला लागली. मामानं चिमटा खाली ठेवला, परत उचलला.

"मला वाटतं... पट्टा बदलावा लागेल."

बाई घड्याळ तिथंच ठेवून निघून गेल्या.

"मामा!" मी किंचाळले. "पट्टा? अरे, ती बाई चालली तुझ्या आयुष्यातून!"

"टकळे, मला बोलता येत नाही गं," मामा अगदी बारीक आवाजात म्हणाला. "चार वर्षं झाली. दर बुधवारी ठरवतो. गुरुवारी ती आली की जीभ अडकते. ती गेली ना, तर गुरुवार कशाला उगवायचा तेच मला कळणार नाही."

"बोलता येत नाही तर लिही! मी आहे ना!"

त्यानं अर्धा तास घाम गाळून एक ओळ लिहिली: ‘तुम्ही आणि मी लग्न करावं, असं मला वाटतं.’

"शी!" मी म्हटलं. "हा काय भाडेकरार आहे? तुम्ही आणि मी! दोघांमध्ये केवढी भिंत उभी केलीस! एकच शब्द लिही. आपण!"

"पण आपण तर मी सगळ्या गिऱ्हाइकांनाच..."

"मग तर सोन्याहून पिवळं! आदरही आला आणि जवळीकही! शहाण्णव पडलेत मला, उगाच नाही!"

मामानं मुकाट्यानं नवीन कागद घेतला. ‘आपण लग्न करावं, असं मला वाटतं.’ खाली सही. शुक्रवारी शाळेत जाता जाता मी घड्याळाची डबी चिठ्ठीसकट बाईंच्या हातात दिली आणि उड्या मारत गेले.

संध्याकाळी बाई आल्या. चेहरा कोऱ्या पाटीसारखा.

"चिठ्ठी वाचली," त्या म्हणाल्या. "आभारी आहे. आपण म्हणता तसंच करते." आणि गेल्या!

मामा खुर्चीत मटकन बसला, मग ताडकन उठला आणि मला उचलून गरगर फिरवायला लागला. "टकळे, हो म्हणाली! म्हणता तसंच करते म्हणाली!"

"पण त्या हसल्या कुठं?"

"लाजली असेल!"

तासाभरानं दुकान बंद केल्या केल्या आम्ही शेजारच्या केकवाल्या ताईकडे. ताईचं आणि डॉक्टरांचं तीन वर्षं युद्ध चालू आहे. डॉक्टरांनी जिन्यात पाटी लावली, ‘गोड खाल, तर वर याल!’ तर ताईनं तिच्या काचेवर लिहिलं, ‘वर जाण्याआधी खाऊन घ्या!’ पण त्या दिवशी ताईचे डोळे लाल होते.

"कांदा चिरला," ती म्हणाली. केकच्या दुकानात!

"मोठ्ठा केक हवाय," मामा म्हणाला. "माझं लग्न ठरलं. वाचनालयातल्या बाईंशी!"

ताईच्या हातातला चमचा खाली पडला. "कुणाशी?" तिनं तीनदा विचारलं. मामानं तीनदा सांगितलं, दर वेळी जास्त लाजून.

शनिवारी चार वाजता मामा नव्या शर्टात बसला होता, आणि ताई दुकानात शिरली. डाव्या हातावर दोन खोकी, उजव्या हातात डॉक्टरांची बाही!

"टकळे, जा! समोरून नवरीला बोलावून आण!"

मी धावले. बाई आल्या. ताईनं दोन्ही खोकी काउंटरवर आपटली.

"बाई, एक नवरी आणि दोन केक! एक यांनी सांगितलाय, एक या दातवाल्यांनी! अशी योजना माझ्या दुकानात नाही! लग्न नक्की कुणाशी?"

"माझ्याशी," मामा आणि डॉक्टर एकदम म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू आरशातला माणूसच बोलायला लागला!

बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढली. "मी यांना विचारलं, डॉक्टरांबद्दल काय वाटतं. यांनीच लिहिलं, आपण लग्न करावं!"

डॉक्टरांनी चिठ्ठी दाताच्या एक्स-रेसारखी उजेडात धरली. "स्पष्ट आहे. आपण, म्हणजे तुम्ही."

"आपण, म्हणजे ती आणि मी!" मामा ओरडला. मामाला ओरडता येतं हे आम्हां सगळ्यांना तेव्हाच कळलं.

"मग तसं लिहायचं होतंत!" बाई म्हणाल्या. "रात्रभर रडले मी! वाटलं, यांना काहीच नाही. घड्याळ आणि पट्टा!"

मामानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "चूक माझीच झाली," तो म्हणाला.

आता मात्र मला पुढं व्हावंच लागलं. "नाही," मी म्हटलं. "त्यानं तुम्ही आणि मी असंच लिहिलं होतं. मी बदललं. मला... चांगलं दिसलं म्हणून."

वक्तृत्व स्पर्धेत शंभर जणांसमोर मी एकदाही अडखळले नव्हते, ती चार जणांसमोर अडखळले. बाई मामाकडे वळून म्हणाल्या, "तिनं काय लिहिलं ते जाऊ द्या. तुम्ही बोला. तोंडानं."

मामानं तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, आता पट्टा येतोय! पण त्यानं डोळे गच्च मिटले आणि म्हणाला, "तू. मी. लग्न."

चार वर्षांत पहिल्यांदा तो बाईंना ‘तू’ म्हणाला होता! बाई लाल झाल्या, हसल्या, आणि तेव्हा बत्तीसच्या बत्तीस दात आम्हां सगळ्यांना दिसले. खरंच छान आहेत.

"ठीक," डॉक्टर म्हणाले. मग केविलवाण्या आवाजात, "माझ्या केकचं काय? बिनसाखरेचा सांगितला होता."

"साखर घातलीय!" ताई गरजली. "तुम्ही तीन वर्षांत पहिल्यांदा दुकानाची पायरी चढलात, ती दुसरीच्या लग्नाचा केक सांगायला! त्यात खोटा केक करू? खा!"

डॉक्टरांनी घाबरून एक घास खाल्ला. "भयंकर गोड आहे," ते म्हणाले आणि दुसरा तुकडा घेतला. हल्ली ती दोघं रोज संध्याकाळी तासभर जिन्यात भांडतात. आई म्हणते, याला भांडण म्हणत नाहीत.

मामाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर आई लिहितेय. मी पेन घेऊन मदतीला गेले, तर आई, मामा आणि होणारी मामी एका सुरात ओरडली, "नको!" मला फक्त पाकिटं चिकटवायचं काम दिलंय. ठीक आहे, मी काही कामाला कमी लेखणाऱ्यांतली नाही! सपाट्यानं दीडशे पाकिटं चिकटवून टाकली, एकही कोपरा सुटा नाही.

त्यांत आधी पत्रिका घालायच्या असतात, हे मात्र कुणी सांगायला हवं होतं.