छतातला ढोल

आवाजातलं मला कळतं, हे आधीच सांगून ठेवतो! म्हणूनच होम थिएटरचा रिसीव्हर घरी आला, तेव्हा जोडणीला माणूस बोलवायला मी साफ नकार दिला. स्पीकर समोर, बाजूला, मागे आणि चार तर थेट छताला! गाणं नुसतं ऐकायचं नाही, त्यात बसायचं!

अडचण एकच होती. बायकोची लाडकी वाचायची खुर्ची एका स्पीकरच्या नेमकी आड येत होती.

"खुर्ची जाईल बाल्कनीत," बायको म्हणाली, "पण संध्याकाळी बाबा येतायत. त्यांच्यासमोर डोक्यावरून आवाज आला पाहिजे. नाही आला, तर खुर्ची आत आणि हे खोकं दुकानात परत!"

"अगं, बघच तू!"

आता या यंत्राची एक पद्धत असते. आपण बसणार तिथे त्याचा छोटा माइक ठेवायचा. मग ते एकेका स्पीकरमधून फुस्सफुस्स करत खोली मोजतं. तेव्हा खोलीत कोणी हूं की चूं करायचं नाही. उंची बरोबर म्हणून मी माइक त्या खुर्चीवरच ठेवला, बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात श्वास रोखून उभा राहिलो. परत आलो तोवर मोजणी आटोपलेली आणि खुर्चीही बाल्कनीत गेलेली. बायको कामाला भलतीच चपळ! स्क्रीनवर बरंच काही लिहून आलं होतं. मी न वाचताच 'ओके' दाबलं. जाणकार माणसं वाचत बसत नाहीत.

संध्याकाळी सासरे सोफ्यावर बसले.

"बाबा, डोळे मिटा आणि छताकडे लक्ष ठेवा!"

"डोळे मिटून कसं ठेवू?"

मी गाणं लावलं. समोरून आवाज, मागून आवाज, वरून चिडीचूप! बायकोने शांतपणे बाल्कनीकडे पाहिलं. मी आवाज वाढवला. खिडकीच्या काचा थरथरल्या, छत मात्र ढिम्म. अजून वाढवला आणि... धब्! धब् धब्!

"वा, जावईबापू! ढोल अगदी टाळूवर वाजतोय!"

मी हर्षाने आणखी वाढवला. ढोलही तापला. सासऱ्यांच्या चहात चिमूटभर चुना पडला.

"कमाल आहे! धूळसुद्धा पाडतं?"

"ठीक आहे," बायको पडेल आवाजात म्हणाली. "राहू दे खुर्ची बाल्कनीत."

जिंकलो! तिचा चेहरा बघून जिवाला जरा लागलं, पण जिंकलो! मी ऐटीत गाणं बंद केलं.

धब् धब् धब्! ढोल चालूच!

मग तोही थांबला आणि दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या काकू! हातात बत्ता!

"अहो, केव्हाची जमीन बडवतेय मी! ऐकू येत नाही का?"

"येतंय की!" आतून सासरे म्हणाले. "फार सुंदर वाजवता तुम्ही!"

काकू गेल्यावर बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"अहो, मोजणी चालू असताना तो माइक कुठे होता?"

"तुझ्या खुर्चीवर."

"खुर्ची तर मी तेव्हाच बाल्कनीत ओढली. ती फुस्सफुस्स ऐकवेना, म्हणून दारही लावून घेतलं!"

म्हणजे यंत्राने बंद दाराबाहेरून खोली मोजली होती! समोरचे-मागचे मोठे स्पीकर दाराआडूनही ऐकू आले, पण छतातले चिमुकले त्याला ऐकूच आले नाहीत, म्हणून त्याने ते नाहीतच असं ठरवून बंद करून टाकले. मी ज्याला 'ओके' म्हटलं, ते हेच!

खोकं उद्या परत जाणार. खुर्ची आत आली आहे आणि बायको तिच्यात पाय वर घेऊन वाचते आहे. मी बाल्कनीत स्टूल टाकून बसलोय. यंत्राच्या मोजणीप्रमाणे गाणं ऐकायला घरातली सगळ्यात उत्तम जागा हीच!

दाराला कडी मात्र आतून आहे.