मापाचं पोलकं

सोमवारी संध्याकाळपासून सुंदरबाई पाटील नवऱ्याचा सदरा घालून घरात बसल्या होत्या. सदऱ्याची वरची दोन बटणं लागत होती, खालची चार लागत नव्हती. त्यावरून त्यांनी पातळ गुंडाळलं होतं आणि दाराला आतून कडी घातली होती. बुधवारची दुपार झाली तरी त्या त्याच सदऱ्यात होत्या.

"माय वं! मास्तरीणना अंगवर धनीना सदरा!" सासूबाई झुंबरबाई दर तासाला म्हणत. "कोनी दखं तं काय सांगशी?"

"सांगेन, त्यांना माझं पोलकं बसेना म्हणून मीच त्यांचा सदरा घातला."

उत्तर तयार होतं, पण सुंदरबाईंची नजर घड्याळावरून हलत नव्हती. जळगावात नगरपालिकेच्या शाळेत त्या सहा वर्षं हंगामी शिक्षिका होत्या. हंगामी म्हणजे एप्रिलअखेर घरी बसायचं आणि जूनमध्ये नव्या हुकमाची वाट बघायची. यंदा जूनच्या तोंडावर त्या बाळंत व्हायच्या होत्या, आणि बाळंतिणीला हुकूम द्यायला नगरपालिका काही त्यांची मावशी नव्हती. अशात धुळ्याच्या एका कन्याशाळेचं बोलावणं आलं. जागा कायम होती, रजा पगारी होती, आणि माहेरही धुळ्यातच. मुलाखत गुरुवारी सकाळी अकराला. पत्राच्या तळाशी तांबड्या शाईत लिहिलं होतं, 'समक्ष हजर न राहिल्यास अर्ज रद्द समजावा.'

सुंदरबाई मुळात अंगानं भरलेल्या. त्यात सातवा महिना. दिवाळीपासून त्यांची पाच पोलकी एकामागून एक शिवणीत फाटली. उरलं एक. त्याचंही आत दाबलेलं कापड सगळं सोडून झालं होतं, त्यामुळे दोन्ही कुशींना मूळ रंगाच्या गडद पट्ट्या दिसत. ते घालून वर्गात फळ्याकडे तोंड करता येई, मुलाखतीत नाही. तसे घरात ओटीत आलेले तेरा खण पडले होते. एकाही खणात त्यांचं पोलकं बसत नव्हतं आणि कोणत्याही दोन खणांचा रंग जुळत नव्हता. बायकांच्या ओट्या भरायचा आपल्याकडे केवढा उत्साह! पण बाई लठ्ठ असू शकते, हे खण विणणाऱ्याला आणि देणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मग सुंदरबाई माणकचंदच्या दुकानात गेल्या.

"एका खणात नाही निघायचं बाई," माणकचंद गादीवरून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला. "तुम्हाला डबल लागेल."

डबल घेतलं. आता शिवायचं कुठं? बाजारातले शिंपी भर रस्त्यावर टेप लावत आणि 'छाती छेचाळीस!' असं ओरडून कारागिराला आकडा सांगत. समोरच्या पानाच्या ठेल्यावरची गिऱ्हाइकं वळून बघत, कोण ही छेचाळीस. एकटा पुना शिंपी तसला नव्हता. 'पुना लेडीज टेलर' माप घेतच नसे. "मापाचं पोलकं द्या," तो मान खाली घालून म्हणे. गावातल्या बायका त्याला फार सभ्य समजत.

तेव्हा सोमवारी संध्याकाळी सुंदरबाईंनी अंगावरचं एकमेव पोलकं काढलं आणि नवऱ्याच्या, अभिमनच्या, पिशवीत घातलं. पुनानं बुधवारी दुपारी बारा वाजता दोन्ही द्यायचा वायदा केला. शाळेत आजाराची चिठ्ठी गेली.

बुधवारी बाराला अभिमन दुकानावर गेला. दुकानाला कुलूप. पायरीवर काज-बटणं करणारा म्हातारा जीवराम बिडी ओढत बसलेला.

"पुना कुठाय?"

"सरकारी दवाखान्यात. बायकोला सकाळपासून कळा लागल्यात."

"अन् आमचं पोलकं?"

"ते इथं नसतं भाऊ. घरी असतं."

पुनाच्या घरालाही कुलूप होतं. अभिमन तसाच दवाखान्यात पोचला. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर पुना उकिडवा बसला होता. अभिमनला बघून तो उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"पोलकं झालं का रे?"

"झालं की."

"मग दे."

पुनानं वॉर्डाच्या दाराकडे बोट केलं. "आत आहे."

"दवाखान्यात पोलकं कशाला आणलंस?"

"आणलं नाही भाऊ. आलं."

एवढं बोलून पुनानं तोंड गुडघ्यांत घातलं. पुरुषांना वॉर्डात मज्जाव होता. अभिमन दालमिलमध्ये कारकून होता, पोत्यांची आवक-जावक त्याला एका नजरेत कळे. पण आपोआप दवाखान्यात गेलेल्या पोलक्याची नोंद कुठं करायची ते त्याला कळेना. तो घरी आला आणि बायकोला जसंच्या तसं सांगितलं.

"टांगा आणा," सुंदरबाई म्हणाल्या.

"या अवतारात जाणार?"

"तुम्हाला आत सोडत नाहीत. तुमच्या सदऱ्याला तरी सोडतील."

सदरा, वरून पातळ, त्यावरून खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंथरुणाची चादर. फाल्गुनातलं ऊन. दवाखान्याच्या फाटकाशी टांग्यातून उतरेपर्यंत सुंदरबाईंना धाप लागली होती आणि चेहरा लालबुंद झाला होता. अभिमननं त्यांचा दंड धरला होता. हे एवढं बघून फाटकावरच्या आयेनं आत हाक दिली, "केस आलीऽ!"

"मी केस नाही," सुंदरबाई म्हणाल्या.

"सगळ्या असंच म्हणतात. चला, आडव्या व्हा."

"अहो, मला पोलकं पाहिजे!"

"सगळं मिळेल. आधी पोर होऊ द्या."

दोन आयांनी त्यांना धरून आत नेलं आणि खाटेवर घातलं. पांढऱ्या टोपीतली सिस्टर आली. तिनं चादरीवरूनच पोटाकडे बघितलं.

"कितवा?"

"सातवा."

"सातव्यात एवढं पोट? जुळं आहे."

"जुळं नाही! मी जाडी आहे!" सुंदरबाई ओरडल्या.

सगळा वॉर्ड वळून बघू लागला. जन्मात त्यांनी हे वाक्य मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, मनातसुद्धा त्या 'अंगानं बऱ्या' असंच म्हणत. एकदा तोंडातून गेल्यावर मात्र त्यांना जरा हलकं वाटलं. सिस्टर हिशेब करत निघून गेली.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून बारीक आवाज आला. "पाटीलबाई का तुम्ही?"

सुंदरबाईंनी मान वळवली. शेजारी त्यांच्याच आकाराची एक बाई घामानं निथळत पडली होती. अंगात मोरपंखी पोलकं. कोरं करकरीत. काल-परवा माणकचंदकडून डबल घेतलेलं.

"हे माझं आहे!"

"हो," ती बाई म्हणाली. "मी ताईबाई. पुनाची बायको. रागे भरू नका, बाई. कळ येऊन जाऊ द्या, मग काढून देते."

कळ आली. ताईबाईनं खाटेची दांडी घट्ट धरली, ओठ चावले. कळ गेली. सुंदरबाईंच्या तोंडात आलेली शिवी तिथंच राहिली.

"तुझ्या नवऱ्याला लाज नाही वाटली? गिऱ्हाइकाचं पोलकं बायकोला घालतो?"

"त्यांनी नाही घातलं. मीच घातलं. शिवलं बी मीच. बायकांची बठ्ठी, एकूण एक पोलकी मीच शिवते, दहा वर्षं झाली. त्यांना फक्त लेंगे येतात. म्हणून तर ते माप घेत नाहीत, मापाचं पोलकं घरी आणतात."

सुंदरबाई उठून बसल्या. गावभर वाखाणलेला सभ्यपणा तो हा!

"मग स्वतःसाठी का नाही शिवलंस?"

"शिवायला बसले की हे म्हणतात, आधी गिऱ्हाईक. नऊ महिने फाटक्या लुगड्यात काढले. सकाळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात काय उघडी येऊ? तुमचं तयार होतं. तुमचा सातवा, माझा नववा, म्हणून दोन्ही कुशी उसवून पट्ट्या बसवल्या आणि नाड्या लावल्या. ओढल्या की आवळतं, सोडल्या की सैल होतं."

"आणि माझं जुनं? मापाचं?"

"ते बेतायला उसवलं तसं हातातच आलं, बाई. फार जीर्ण झालं होतं."

म्हणजे जगात सुंदरबाईंच्या अंगाला बसणारं एकच वस्त्र उरलं होतं आणि ते एका अडलेल्या बाईच्या अंगात होतं. उद्या सकाळी साडेसहाची गाडी. खोटं कशाला बोला, क्षणभर सुंदरबाईंच्या मनात आलं की हिच्या अंगावरून ते ओढून घ्यावं. दुसऱ्या क्षणी त्यांनी ताईबाईचा हात धरला, कारण पुढची कळ आली होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नको काढू. मी बघेन काहीतरी." काय बघणार ते त्यांना ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी नवऱ्याच्या बाहीला पुसलं.

सिस्टर परत आली, ताईबाईला तपासलं आणि किंचाळली, "हिला आत घ्या! आणि हे काय घातलंय? बाळंतपणाला आलीस का लग्नाला? दवाखान्याचा झगा घाला!"

दोन मिनिटांत पोलकं उतरलं. सिस्टरनं त्याची गुंडाळी करून विचारलं, "हिचे नातेवाईक कोण?"

"मी!" सुंदरबाई म्हणाल्या आणि झडप घातली.

"बाई," आत नेता नेता ताईबाई ओरडली, "डावी नाडी दोन बोटं जास्त ओढा!"

बाहेर पुना हात जोडून उभा होता.

"पुना, पोलकी कोण शिवतं रे?"

"हळू बोला ना बाई," पुना काकुळतीला आला. "पाटी माझ्या नावाची आहे."

सुंदरबाई दोन-तीन तास तिथंच बाकावर बसल्या. दिवेलागणीला आतून पोर रडल्याचा आवाज आला तेव्हाच त्या उठल्या.

घरी सासूबाईंनी पोलकं बघून कपाळावर हात मारला. "बाळंतीणना अंगवरनं शे ते! इटाळ व्हयना!"

"ती बाळंत झाली तेव्हा पोलकं माझ्या पिशवीत होतं. विटाळ झग्याला झाला."

झुंबरबाईंनी यावर बराच विचार केला. तोवर पोलकं धुऊन दोरीवर पडलं होतं.

गुरुवारी अकराला धुळ्याच्या शाळेत सुंदरबाई खुर्चीवर बसल्या. समोर संस्थेचे तीन पुरुष, मधोमध चिटणीस रतिलालभाई. टोकाला अध्यक्ष म्हणून सज्जनबाई. इमारत त्यांच्या यजमानांच्या देणगीतून झाली होती. सज्जनबाई चांगल्या रुंद होत्या आणि डोक्यावरचा पदर ओढून गप्प बसल्या होत्या. सुंदरबाईंच्या पोटात खड्डा पडला. पोटात एवढं सगळं असताना खड्ड्याला जागा कुठून मिळते कोण जाणे.

"कितवं?" रतिलालभाईंनी विचारलं.

"इयत्ता? पाचवी. गणित आणि—"

"मूल कितवं?"

"पहिलं."

"म्हणजे जूनमध्ये तुमची अडचण."

"अडचण नाही, बाळंतपण. ऑगस्टमध्ये वर्गावर येईन."

"पण मुलींच्या शाळेत, बाई, अशा अवस्थेत... मुली काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईंना मूल होणार आहे. त्यांच्या आयांनाही झालंय. सहा वर्षं गणित शिकवते मी. त्यातलं एक तरी विचारा की! पोटाचीच परीक्षा घ्यायची होती तर पत्रात तसं लिहायचं होतं."

बोलून गेल्यावर सुंदरबाईंना वाटलं, संपलं. नोकरी गेली. रतिलालभाईंनी पेनाला टोपण लावलं, म्हणजे गेलीच.

"रतिलालभाई," सज्जनबाई पहिल्यांदा बोलल्या, "तुम्ही तिघं चहा घेऊन या."

"चहा इथंच येतोय."

"मग तिकडे जाऊन थांबवा त्याला."

तिघं बाहेर गेले. सज्जनबाईंनी दार लोटलं आणि खुर्ची ओढून सुंदरबाईंना खेटून बसल्या.

"एक मेपासून रुजू व्हा. त्यांना मी सांगते. आता जरा कूस दाखवा. ती नाडी आहे का?"

"नाडीच."

"सुटते?"

"सुटते, आवळते. बाई जशी होईल तसं पोलकं होतं."

सज्जनबाई नाडीकडे बघत राहिल्या. "मला तीन मुलं झाली, बाई. तिन्ही वेळा पाचव्या महिन्यापासून खोलीत बसले. लोकांना सांगायची, डॉक्टरनी विश्रांती सांगितलीय. डॉक्टरनी काही सांगितलं नव्हतं. अंगात घालायला काही नव्हतं. आणि आमचं कापडाचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं." त्यांनी नाडी बोटाभोवती गुंडाळली. "कोणी शिवलं?"

"ताईबाईनं," सुंदरबाईंनी स्पष्ट सांगितलं. "जळगावला असते."

"उद्या बोलवा तिला."

"काल सांजेलाच बाळंत झाली. सव्वा महिना तरी उठायची नाही."

"सव्वा महिना!" सज्जनबाई म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. "आमची सून धनकुंवर सहाव्यात आहे. पंधरा दिवस झाले, खोलीबाहेर येत नाही. म्हणते, डॉक्टरनी विश्रांती सांगितलीय. मी रोज देवाजवळ दिवा लावतेय, पोर नीट राहू दे म्हणून." त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, मला आत्ता कळलं."

दारावर टकटक झाली. "येऊ का आत?" रतिलालभाई विचारत होते. "चहा झाला आमचा."

"दुसरा घ्या," सज्जनबाई म्हणाल्या आणि पट्टी आतून कशी बसवलीय ते बघायला चष्मा शोधू लागल्या.