राजय्याकाकांची खालची लाइन

राजय्याकाका रस्त्यानं चालत नाहीत, ड्रेनेजच्या चेंबरांवरून चालतात. एका झाकणावरून निघाले की थेट पुढच्या झाकणावर. मधे भाजीची गाडी असो, नाहीतर लग्नाचा मांडव, त्यांची रेघ मोडत नाही. झाकणावर टाच दोनदा आपटायची, मान तिरकी करायची आणि जाहीर करायचं, "रिकामी चाललीय." किंवा, "आज जोरात हाय." एकदा एका झाकणावर कुणी मोटारसायकल लावली होती. काकांनी मालकाला दुकानातून बोलावून गाडी हलवायला लावली, टाच आपटली आणि "लावा आता" म्हणून पुढे गेले. तो बिचारा किल्ली हातात धरून बघत राहिला.

मी मूळची अकलूजची. कालवा आणि ऊस बघत वाढले. सोलापुरात एका लहानशा कचेरीत नकाशे काढायची नोकरी मिळाली, तेव्हा इथं नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं हे घरमालकिणीनं सांगितलं आणि मला ती चेष्टाच वाटली. आमच्याकडे काम आलं होतं तेही पाण्याचंच. शहराचं वापरलेलं पाणी सगळंच्या सगळं गावाबाहेरच्या मोठ्या केंद्राकडे न पाठवता त्या त्या भागातच छोटी केंद्रं काढायची, तिथं ते स्वच्छ करायचं आणि तिथल्याच बागांना, बांधकामांना द्यायचं. पण जमिनीखालची कुठली लाइन कुठून कुठं जाते, याचे जुने नकाशे अर्धे वाळवीनं खाल्लेले. उरलेले अर्धे राजय्याकाकांच्या डोक्यात. म्हणून ड्रेनेजमधून निवृत्त झालेल्या या मिस्त्रींना मानधनावर बोलावलं होतं.

काकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग. वडिलांनी चादरी विणल्या, भावांनी टॉवेल, आणि हे गटाराला लागले. वडील म्हणे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. "बोलले न्हाईत ते बरंच," काका सांगतात, "तेलुगूत लई शिव्या हायत."

त्यांचा लाडका प्रश्न एकच, "उतार कुटं हाय?" नकाशा दाखवा, बातमी सांगा, नवं हॉटेल निघाल्याचं सांगा, पुढे हाच प्रश्न. मला मंगळवेढ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत आहे, मी कौतुकानं सांगितलं. काका म्हणाले, "ते हाय हो. पन उतार कुनाकडं? तुमी तिकडं जानार का त्यो हिकडं येनार?" स्थळ मी नाकारलं. एवढ्यामुळेच नव्हे, पण यामुळेही.

मी नकाशात वरच्या अंगाला, बागेशेजारच्या मोकळ्या जागेत पहिलं केंद्र दाखवलं. पाणी तिथंच मिळणार, बागही तिथंच. आमच्या कचेरीचे साहेब खूश झाले. "पाहुणे आले तर दाखवायला बरं," म्हणाले.

काकांनी चष्मा कपाळावर ढकलून कॉम्प्युटरच्या पडद्यात बघितलं. "मॅडम, तुमचं गटार रोज वाहतंय की."

"मग? वाहायला नको?"

"नळ कधी येतो तुमच्याकडं?"

"आला की येतो."

"मग गटाराला रोज कुटनं येईल?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर उघड्या चेंबरपाशी बसू लागले. ते घडीच्या स्टुलावर, मी छत्री धरून, नाकाला रुमाल. त्यांची एक काठी होती. तिच्यावर घोट्याच्या उंचीला पिवळं सूत गुंडाळलेलं, नडगीला हिरवं, गुडघ्याला लाल. दर तासाला काठी आत सोडायची, भिजलेलं सूत बघायचं आणि शाळेच्या वहीत लिहायचं. वही तेलुगूत. एवढ्या एका गोष्टीमुळे काकांना कुणी कामावरून काढू शकत नव्हतं.

"नळ आला की बाया गोधड्या काढतात, टाक्या घासतात. त्या दिवशी लाल भिजतंय. दुसऱ्या दिवशी हिरवं. चौथ्या दिवशी पिवळंबी कोरडं, तळाला नुसती धार. तुमी सगळं भागून सरासरी काढली. सरासरी कुटं वाहती का, मॅडम?"

मी चार दिवस बसले आणि चौथ्या दिवशी पिवळं सूत खरंच कोरडं निघालं. चार वर्षं मी कॉलेजात शिकत होते, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या वहीचं वेडच लागलं. कुठली गल्ली सकाळी वाहते, कुठली दुपारी, सगळं त्यात होतं.

मग काकांनी मुख्य मुद्दा काढला. "चौथ्या दिवशीची ती धारबी तुमी वरच काढून घेनार. मग खालची घान ढकलायची कुनी?" खाली, जुन्या कापडगिरणीमागच्या बोळांत, लाइनला उतार जवळजवळ नाहीच. वरून पाणी आलं नाही तर तिथं सगळं बसणार आणि तुंबणार. म्हणून केंद्र त्या बोळांच्याही खाली हवं, असं त्यांचं म्हणणं. बागेला पाणी पंपानं वर चढवा.

साहेबांना पंप आवडला नाही. बैठकीत म्हणाले, "काका, तुंबलं तर काढायला मशीन आहे."

"त्या बोळात मशीन शिरत न्हाई, सायेब."

"मग माणूस आहे."

"व्हय. मानूस हाय," काका म्हणाले. वही-काठी उचलली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही. साहेबांनी मला सांगितलं, सरासरीवरच उरकून टाक.

मी काकांचं घर शोधत गेले. एकच खोली, एक खाट, एक ताट, एक पेला. लग्न केलेलं नाही हे मला तेव्हा कळलं. माझ्यासाठी चहा त्यांनी पेल्यात दिला आणि स्वतः वाटीत घेतला. "त्या सरासरीच्या कागदावर माजं नाव नको," एवढंच म्हणत राहिले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काका खाटेवर एकदम ताठ बसले. "बोल, म्हेश. कुटलं चेंबर? पिठाच्या गिरनीम्होरचं? आदी वरचं उघड. वास जाऊ दे. अर्धा तास थांब. वाकून बघू नको, सांगतोय न्हवं." वीस मिनिटं हेच. चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता.

महेश म्हणजे सिद्रामचा मुलगा. सिद्राम आणि काका वीस वर्षं जोडीनं काम करत, काका वर आणि सिद्राम खाली. सिद्राम खोकून खोकून गेला. वारसाहक्कानं नोकरी महेशला मिळाली. "त्याला म्या सायकलवर शाळंत सोडायचो. आयटीआय कर म्हनालो. पन दारात आलेली नोकरी कोन सोडतंय? सायबांचा मानूस म्हंजे त्योच की. तुमचं केंद्र खाली झालं तर लाइन वाहती ऱ्हाईल. त्याला तितं उभं ऱ्हायला नको."

मग वाटी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "फोनबी बंद व्हईल म्हना. तुंबलं तरच करतोय त्यो. दुसरं कोन करतंय मला? पन ते जाऊ द्या."

मला फार वाईट वाटलं. मी वही मागितली. त्या दुपारी काकांनी तेलुगू वाचली आणि मी मराठीत उतरवली. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं सगळे चौथे दिवस ओळीनं मांडले आणि विचारलं, "पाहुणे अशा दिवशी आले तर वरचं कोरडं केंद्र दाखवायचं? खाली सगळ्या गल्ल्यांचं पाणी मिळतं, तिथं कोरडा दिवस नाही." साहेबांनी पेन चावत पंप मान्य केला. केंद्र खाली गेलं.

खालच्या जागेची मापं घ्यायला गेले तेव्हा महेश तिथंच लाइन मोकळी करायचे बांबू धूत होता. धिप्पाड, अबोल माणूस. फोनचं त्याला सांगू नका असं काका मी निघताना म्हणाले होते, पण मला राहवलं नाही. आता लाइन तुंबणार नाही, काकांना फोन करावा लागणार नाही, पण अधूनमधून करत जा, असं मी म्हटलं.

महेशनं बांबू भिंतीला टेकवला. "मॅडम, आठ वरसं हितंच हाय मी. ही लाइन मला पाठ हाय."

"मग विचारता कशाला?"

"विचारलं की काका बोलतात. त्यांना बरं वाटतंय. मलाबी वाटतंय."

"आणि आता तुंबलीच नाही तर?"

त्यानं बांबू परत हातात घेतला. "मग, का तुंबली न्हाई, ते विचारीन की."

हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.